बारा व्होल्टची साक्ष

काटा थरथरला, वर चढला आणि बारावर जाऊन उभा राहिला. अगदी बारावर नाही म्हणा, केसभर अलीकडे. पण केसभराला कोण विचारतं?

"किती?" कृपादानसाहेबांनी विचारलं.

दयानं पुन्हा वाकून काटा बघितला. व्होल्टमीटर तिचा होता, म्हणजे शाळेचा. विज्ञान प्रदर्शनासाठी बाईंनी विश्वासानं दिलेला. भिंगारला मावशीकडे राहून अकरावीत शिकणारी ही पोर दिवाळीच्या सुट्टीला कालच गावी आली ती तो मीटर उराशी घेऊनच. आणि आज सकाळी तीच छाती पुढं काढून म्हणाली होती, "साहेब, भांडता कशाला? मी मोजून दाखवते. जीपची बॅटरी उतरलेलीच निघणार."

"बारा," ती म्हणाली. "बारा व्होल्ट."

"बॅटरीवर काय छापलंय?"

"बारा व्होल्टच."

"म्हणजे भरलेली आहे."

दयाला मान हलवावी लागली. पुस्तकात तेच होतं.

कृपादानसाहेब वाईट माणूस नव्हते. नगरच्या मिशनकडून या डोंगरातल्या दवाखान्याचा कारभार बघायला ते महिन्यातून एकदा येत, पोरांना लिमलेटच्या गोळ्या देत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"यशया, सेल्फ मारा पुन्हा."

यशया म्हणजे दयाचा बाप, दवाखान्याच्या जीपचा ड्रायव्हर. त्यानं आत बसून सेल्फचं, म्हणजे इंजिनला पहिला झटका देणाऱ्या मोटरीचं, बटण दाबलं. टक् असा एक आवाज झाला. बास. इंजिन हूं की चूं करेना.

"बॅटरी भरलेली, तरी सेल्फ फिरत नाही. म्हणजे बिघाड सेल्फमध्ये. आणि सेल्फ गेल्या आठवड्यात कुणी खोलला होता?"

"म्या," यशया म्हणाला. "साफ करून परत बसवला. चांगला फिरत हुता, साहेब."

"न विचारता खोललात."

यशया जीपमधून खाली उतरला. शेडच्या तोंडाशी उभे असलेले कारभारीआबा मात्र थांबेनात. "इचारा त्येला. माझा नातू मेला, साहेब. जीप दारात उभी आन् माझी सून डोलीतून. घाट उतरस्तवर प्वार हातातनं गेलं. ह्यो म्हनतो बॅटरी उतरली. तेचीच पोरगी म्हनती भरलेली हाय. आता कुनाचं खरं मानू?"

गोष्ट अशी घडली होती. आबांची सून मुक्ता सातव्या महिन्यात. परवा पहाटे तिला अवेळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नर्सबाई होत्या, पण डॉक्टर राजूरला. यशया धावत शेडमध्ये गेला, तर जीप सुरूच होईना. शेड खळग्यात, रस्ता चढावर. चौघापाचांनी ढकलून पाहिली, चाक वर सरकेना. शेवटी डोली बांधली. मुक्ता वाचली, काल तिला डोलीतूनच परत इथल्या दवाखान्यात आणली. पोर नाही वाचलं.

कृपादानसाहेबांनी हात पुढं केला. यशयानं खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली.

"सांजच्या एस्टीनं मी राजूरला जाणार. तोवर काही सांगायचं असलं तर सांगा. नाहीतर खोली रिकामी करावी लागेल."

यशया खोलीकडे चालू लागला. तो ओरडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर दयाला बरं वाटलं असतं. पण तो जाताजाता तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. तेच तिला सोसवेना.

बापाला बुडवलं होतं तिनंच. तेही खरं बोलून.

*

रडायला वेळ नव्हता. दया परत शेडमध्ये शिरली आणि बॉनेट उघडलं. जीपच्या बॉनेटला कुलूप नसतं, बाहेरून दोन कड्या काढल्या की झालं. कुणीही उघडावं.

कुणीही. हा शब्द तिच्या डोक्यात जरा अडकला.

बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर शिशाचे क्लॅम्प होते. तिनं बोट फिरवलं. कोरडे.

ती पळत खोलीवर गेली. यशया भांडी पोत्यात भरत होता.

"बाबा, क्लॅम्पला तुम्ही काही लावता का?"

"व्हॅसलीन. नाय लावलं तर पांढरी बुरशी चढती."

"या खेपेला लावलं होतं?"

"दिवाळीआधी राजूरवरनं चार्ज करून आनली, बसवली, बोटभर व्हॅसलीन फासलं. का?"

"आता नाहीये. कुणीतरी क्लॅम्प काढलेत, पुसलेत, परत लावलेत."

यशयाचा हात पोत्यात तसाच राहिला. "चोरायची आसती तर नेली आसती की. परत कोन आनून ठिवतंय?"

"तेच तर. जीप बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"पल्याडच्या वाडीला, औषधं घिऊन. पायी. तिकडं कुठं जीप जाती? सकाळी गेलो, आलो तवा अंधारलं हुतं."

"आणि गावात काय होतं?"

"मुक्ताचं डोहाळजेवन. आबांनी समदं गाव जेवाय घातलं. मला उशीर झाला, पन आबांच्या घरच्या भागूबाईनं पुरनपोळी ठिवली हुती." तो थांबला. "दया, नको नादी लागू. तुझा काटा बारावर थांबला. साहेबानं बघितलं, गावानं बघितलं. आता मी काय बी बोललो तरी त्ये रडगानंच."

"बाबा, बॅटरीवर बारा व्होल्टच्या खाली आणखी काहीतरी लिहिलंय. साठ, आणि पुढं ए एच. ते काय?"

"ते व्हय? राजूरचा चार्जिंगवाला इचारतो, कितीची हाय. मी म्हनतो साठची. तो तेवढा वेळ लावून ठिवतो. पुढचं मला नाय म्हाईत."

दयालाही माहीत नव्हतं. बाईंचा धडा व्होल्टपाशी येऊन थांबला होता, पुढचा दिवाळीनंतर. आणि तेवढ्यावर ही गावभर मीटर मिरवत फिरली होती.

*

शेडपलीकडं आबांचं घर, त्याच्या मागच्या कुंपणावर गोरक्षाचा फेटा वाळत होता. गोरक्ष म्हणजे मुक्ताचा नवरा, आबांचा एकुलता एक. फेटा गुलाबी, नवाकोरा, डोहाळजेवणाला घेतलेला. आणि भोकंच भोकं पडलेली. दया थबकली.

गोरक्ष ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. परवापासून तो कुणाशी बोलला नव्हता म्हणे.

"गोरक्षदादा, फेट्याला काय झालं?"

त्यानं मान वर केली. डोळे सुजलेले. "उंदरानं खाल्ला."

"धुण्याआधी की नंतर?"

"आईनं काल धुतला, तवा दिसलं." मग एकदम, "तुला काय करायचं गं फेट्याचं?"

"काही नाही. नवा होता, म्हणून विचारलं."

उंदीर कसा खातो ते दयानं मावशीच्या ट्रंकेत पाहिलं होतं. काठापासून सुरू करतो, चिंध्या करतो. ही भोकं काठाला नव्हती, मधोमध होती. एकामागून एक, सारख्या अंतरावर, एका रांगेत. तिनं बोटानं हलकेच दाबलं तर भोकाची कड राखेसारखी चुरली.

ती परत येताना दवाखान्याच्या खिडकीतून कुणीतरी पाणी मागितलं. नर्सबाई दिसेनात, म्हणून दयाच तांब्या घेऊन आत गेली. मुक्ता खाटेवर पडून आढ्याकडे बघत होती. दोन घोट प्याली.

"वहिनी, बरं वाटतंय?"

मुक्तानं तांब्या परत दिला. आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, "लई गानी लावली हुती. सकाळधरनं. दिवं लागलं तरी चाललीच हुती. माझ्या म्हायेरच्या बाया म्हनल्या, मुक्ते, आसं कौतिक राजूरात बी कुनाचं झालं न्हाई."

दयानं तिचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आली. मागं बघायचा तिला धीर झाला नाही.

*

गाणी वाजवणारा पुंजाराम तेवढ्यात नेमका गावात होता. राजूरचा लाऊडस्पीकरवाला. डोहाळजेवणानंतर लगेच सगळं बिघडलं, त्यामुळं त्याचा कर्णा आबांच्या अंगणातल्या आंब्यावरच राहिला होता. आता तो झाडावर चढून दोरी सोडत होता आणि खालून दया विचारत होती.

"पुंजारामकाका, तुमची बॅटरी किती व्होल्टची?"

"बारा. समद्यांची बाराच आसती."

"जीपचीही बारा. मग दोन्ही सारख्याच?"

पुंजाराम वर खदखदून हसला. "भिंगारच्या शाळंत ह्येच शिकवतात व्हय? आगं, माझी चाळीसची, जीपची साठची. दोनी घागरी एका फळीवर ठिवल्या म्हनून पानी सारखं मावतंय का?"

"चाळीस काय?"

"अँपिअर आवर. माझा कर्णा नऊ-दहा अँपिअर खातो. आता तूच भाग दे."

दयानं भाग दिला. "चार-साडेचार तास."

"बराबर. सकाळी धाला चालू केला की दुपार कलताना आवाज चिरकतो. मग मी आपला गाशा गुंडाळतो."

"परवाच्या आदल्या दिवशीही दुपारीच गुंडाळला?"

 दोरीची गाठ सोडताना पुंजारामचा हात थांबलेला खालून दिसत होता.

"व्हय. दुपारीच."

"नक्की?"

"सांगतो न्हवं. आता बाजूला हो, कर्णा डोक्यावर पडंल."

दया बाजूला झाली. अंगणातल्या दगडावर बसली. तिला मावशीच्या घराची गच्ची आठवली. गच्चीवर लोखंडी टाकी. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड यायचं. टाकी तळाला गेली तरी नळ उघडला की पहिली धार जोरातच यायची. मावशी म्हणायची, आहे गं पाणी, बघ कशी धार येते. आणि बादलीचा तळ झाकायच्या आत नळ खाकरायचा, फुसफुसायचा, बंद पडायचा.

टाकी काही खाली उतरलेली नसायची. गच्चीवरच असायची, तेवढ्याच उंचीवर.

दया ताडकन उठली. आणि तशीच परत बसली. सगळं उलगडलं होतं, आणि उलगडायला नको होतं. बापाची किल्ली सोडवायची, तर ते त्या खिडकीखाली उभं राहून बोलावं लागणार होतं.

*

एस्टीला वेळ होता. शेडपुढं कृपादानसाहेब, आबा, यशया, मागं टेकून गोरक्ष. कर्णा खांद्यावर घेऊन पुंजारामही थांबला, काय तमाशा म्हणून. दवाखान्याची खिडकी तिथंच, चार हातांवर.

"साहेब, खिडकी लावून घेऊ का?" दयानं विचारलं.

"उघडी ऱ्हाऊ दे," आतून मुक्ताचा आवाज आला. "वारा येतोय."

दयानं मीटरच्या वायरी परत बॅटरीला लावल्या. काटा परत तिथंच.

"बारा," आबा म्हणाले. "झालं समाधान?"

"बाबा, सेल्फला हात लावू नका. नुसते दिवे लावा."

यशयानं बटण ओढलं. जीपचे दोन्ही दिवे भक्क पेटले. आबांनी विजयानं मान हलवली. आणि मग, सगळे बघत असतानाच, उजेड पिवळा पडत गेला. पिवळ्याचा तांबडा झाला, रॉकेल संपत आलेल्या कंदिलासारखा. काटा दहावर आला, नऊवर आला, आठाच्याही खाली गेला.

"दिव्यांचा आणि सेल्फचा काही संबंध आहे का, साहेब?"

"नाही," कृपादानसाहेब हळूच म्हणाले.

"मग बिघाड सेल्फमध्ये कसा?"

"पण बारा व्होल्ट तूच वाचलेस ना?"

"वाचले. बरोबर वाचले आणि चुकीचा अर्थ लावला. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे. अँपिअर म्हणजे एका वेळी किती धार लागते. दिव्याला थोडी लागते, सेल्फला एकदम पाट सोडल्यासारखी. आणि टाकीत पाणी किती, ते या ए एचमध्ये. अँपिअर आवर. साठचा आकडा. मी कुणी धार सोडलेली नसताना उंची मोजली आणि सांगितलं, टाकी भरलेली आहे. टाकी तळाला होती, साहेब. बाबा पहिल्यापासून तेच सांगत होते."

कृपादानसाहेबांनी चष्मा काढला. "यशयांनी भरून आणली होती म्हणता. मग पाणी गेलं कुठं?"

"त्या कर्ण्यात."

पुंजारामनं कर्णा खांद्यावरून खाली ठेवला.

"काका, तुमची चाळीसची बॅटरी दुपार कलताना संपते. तुम्हीच सांगितलंत. मुक्तावहिनींनी गाणी दिवे लागेपर्यंत ऐकली. मग दुपारनंतर कर्णा कशावर वाजला?"

पुंजाराम आबांकडे बघू लागला. आबा त्याच्याकडे.

"क्लॅम्पवरचं व्हॅसलीन गेलंय. कुणीतरी बॅटरी काढून नेली आणि परत आणून बसवली. जड वस्तू. हातात धरून इथून आंब्यापर्यंत नेववत नाही. आपल्याकडं जड ओझं कसं नेतात? डोक्यावर, चुंबळ करून. चुंबळ कशाची? त्या दिवशी जे डोक्याला होतं त्याची." दयानं खिडकीकडं बघायचं टाळलं. "बॅटरीतलं पाणी डचमळलं की बुचांतून ठिबकतं. ते तेजाब असतं. त्या वेळी कापडावर काही दिसत नाही. धुतलं की भोकं पडतात. गुंडाळलेल्या कापडावर एक थेंब पडला तर तो खालच्या घड्यांतही उतरतो. उलगडलं की एका रांगेत भोकं, सारख्या अंतरावर. उंदीर असा मोजून खात नाही."

कुणी गोरक्षाचं नाव घेतलं नव्हतं. तरी सगळ्यांची तोंडं तिकडं वळली.

"गोरक्षा," आबा म्हणाले. 

गोरक्ष भिंतीला टेकलेलाच होता. तसाच घसरत खाली बसला.

"दुपारी गानी बंद पडली," तो म्हणाला. "बाया जेवायच्या हुत्या अजून. मुक्ता पाटावर बसलेली. तिचं तोंड उतरलं. म्या म्हनलं, दोन तासाचा तर सवाल. परत निऊन ठिवीन, कुनाला कळतंय. पुंजारामदादाला मागनं इचारलं सुदिक, बिघडली तर न्हाई ना. त्यानं दिवा लावून बघितला."

"पेटला हुता दिवा," पुंजाराम जमिनीकडं बघत म्हणाला. "टेस्टरचा बारका बल्ब. चांगला पेटला. म्या म्हनलं, हाय बारा, जा ठिवून ये. सेल्फचं माझ्या डोक्यातच आलं न्हाई. मला काय म्हाईत दुसऱ्याच सकाळी..."

"आणि दुसऱ्या सकाळी?" कृपादानसाहेबांनी गोरक्षाला विचारलं. "तेव्हा का बोलला नाहीस?"

"तवा डोली धरू का बोलू? घाटात माझ्या खांद्यावर दांडा हुता, साहेब. पावलापावलाला वाटत हुतं, म्याच केलं, म्याच केलं." त्यानं दयाकडं बघितलं. "मग आज सकाळी तुझा काटा बारावर थांबला. तू म्हनलीस भरलेली हाय. मला वाटलं, सुटलो. माझ्या हातनं न्हाई झालं. शाळंतली पोर खोटं कशाला सांगंल?"

दयाला वाटलं होतं, गुन्हेगार सापडला की छातीवरचा दगड उतरेल. तो कसला उतरतोय. तिच्या एका आकड्यानं दोन माणसांना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या होत्या. एकाला दोषी म्हटलं होतं, एकाला निर्दोष. आता दुसरं ती हिसकावून घेत होती.

"मीच म्हनले हुते."

खिडकीतून मुक्ताचा आवाज. ती उठून गजांना धरून उभी होती.

"त्यांनी इचारलं, मुक्ते, गानी बंद पडली, चालंल का? म्या म्हनले, न्हाई चालायचं. आजच्या दिस तरी वाजू द्या." तिचा आवाज रडवेला नव्हता. तेच फार वाईट होतं. "आता मला बी धरा."

आबांनी फेट्याचा सोगा डोळ्यांना लावला. सकाळपासून नातवासाठी न्याय मागणारा माणूस, त्याला कुठं बघावं कळेना.

कृपादानसाहेबांनी खिशातून किल्ली काढली. यशयाच्या हातात ठेवताना दोन्ही हातांनी ठेवली. "यशया, माझं चुकलं."

"तुमचं न्हाई चुकलं, साहेब. मीटर बघितला तुमी." यशयानं किल्ली खिशात टाकली. हसला नाही. "आधी बॅटरी राजूरला न्यावी लागंल. उद्या कुनाच्या घरी कळा येतील, काय सांगावं."

त्यानं पाना घेतला, क्लॅम्प सोडले आणि बॅटरी दोन्ही हातांनी उचलून शेडच्या पायरीवर ठेवली. तेवढ्यात गोरक्ष उठला. कुंपणावरचा फेटा ओढून आणला. तीच भोकं आत घेऊन त्यानं चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि बॅटरीपुढं वाकला.

यशयानं क्षणभर बघितलं. मग बॅटरी उचलून त्याच्या डोक्यावर दिली. "सरळ धर. डचमळू देऊ नगं."

दोघं चढावर चालू लागले. गोरक्ष पुढं, यशया मागं, एक हात ओझ्याला लावून. एस्टीचा फाटा तसा लांबच होता.

"दादा, जरा थांबा," दयानं हाक मारली. मीटरच्या वायरी अजून खुंटांना गुंतलेल्या होत्या, मीटर बॅटरीच्या कडेनं लोंबत होता. ती धावत गेली.

सोडवण्याआधी तिनं एकदा बघितलं. दिवे विझवून थोडाच वेळ झाला होता. काटा हळूहळू वर चढत आला होता आणि बारापाशी पोचत होता, काही घडलंच नाही असा.